समुपदेशनाचा कोर्स करून आलात? आता या चुका टाळा

माझ्या घरी भिंतीवर दोन सर्टिफिकेटं फ्रेम करून लावलीत, एक समुपदेशनाचं, एक चर्च लीडरशिपचं, आणि खरं सांगायचं तर पहिलं मिळाल्यावर सहा-आठ महिने मी आधीपेक्षा वाईट पाळक (चर्चचा धर्मगुरू) झालो होतो. कुणी तोंडावर बोललं नाही. मराठवाड्यात आपण लुथरन, म्हणजे मार्टिन लूथरच्या परंपरेतले ख्रिस्ती, तसे थोडेच, शेजारपाजारी सीएनआयवाले (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) नाहीतर मेथडिस्ट, हेही ख्रिस्ती पंथच, त्यात आपली माणसं 'पाळकसाहेब शिकून आलेत' म्हणून दबून असतात, मग चूक दाखवणार कोण. म्हणलं आपणच लिहावं.

सगळ्यात मोठी चूक : पुलपिट (उपदेशाचं व्यासपीठ) सोबत घेऊन फिरणं

आपल्याला सवय बोलायची. रविवारी आपण बोलतो, लग्नात आपण बोलतो, मयतीला आपण बोलतो, आणि कुणी रडत आलं तरी आपणच बोलतो.

मला हे कसं कळलं ते सांगतो. ट्रेनिंगमधे व्हर्बेटिम लिहायला लावतात, म्हणजे एखाद्याशी झालेलं बोलणं आठवून शब्दाला शब्द कागदावर उतरवायचं, तो काय म्हणला, मी काय म्हणलो, मधे कुठं गप्प बसलो, आणि मग ते ग्रुपसमोर वाचायचं. मी लिहिलं होतं एका ऊसतोड करणाऱ्या भावाबद्दल (नाव-गाव बदलून). पट्टा पडून, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपून, तो नुकताच गावी आला होता, मुकादमाची उचल (आगाऊ घेतलेले पैसे) अजून अंगावर. चर्चच्या मागं लिंबाखाली बसला आन् म्हणला, 'पाळकसाहेब, झोपच लागंना गेली, रातभर छताचे पत्रे मोजत पडतो.' मी काय केलं, बायबलातलं स्तोत्र २३ सुरू केलं. पूर्ण. वरून स्पष्टीकरण, मग प्रार्थना. आमच्या सुपरवायझर बाईंनी कागद घेतला, लाल पेनानं ओळी मोजल्या, त्याच्या सात, माझ्या एकतीस, आणि एवढंच विचारलं, 'किती पत्रे होते?' मला काय माहीत. पत्रे मोजताना त्याच्या डोक्यात काय चालतं हे मी विचारलंच नव्हतं ना.

ही पद्धत ज्यातून आली ते क्लिनिकल पास्टरल एज्युकेशन, म्हणजे सीपीई. १९२५ मधे अमेरिकेत वूस्टरच्या मनोरुग्णालयात अँटन बॉयसन नावाच्या पाळकानं शिकाऊ पाळकांना वॉर्डात आणायला सुरुवात केली, आणि हा माणूस स्वतः आधी मनोरुग्णालयात पेशंट म्हणून राहून आलेला. त्याचं म्हणणं, पुस्तक वाचता तसा माणूसही वाचा. तिकडं सीपीईचं एक युनिट ४०० तासांचं असतं. आता त्याच्या शेजारी आपला दोन शनिवारचा झूम कोर्स ठेवा, कॅमेरा बंद, खाली मेथी निवडणं चालू. झूम वाईट नाही हो, पण जिथं तुमचा कागद कुणी लाल करत नाही तिथं फक्त आणखी एक भाषण ऐकून होतं. त्यामुळं फी विचारायच्या आधी हे विचारा, सुपरव्हिजन कोण करणार आणि किती वेळा. आणि कोर्स संपल्यावर महिन्यातून एकदा दोन-तीन पाळकांनी बसून एकमेकांचे कागद वाचायचे, सीएनआयचे असले तरी चालतंय, ऐकण्यात कुठं सिनड (पंथाची वरची सभा) आडवा येतो.

नियमशास्त्राचा डोस

हे खास आपलं लुथरन दुखणं. नियमशास्त्र (देवाची आज्ञा, जी दोष दाखवते) आणि सुवार्ता (देवाच्या क्षमेचं वचन) यातला फरक आपण सेमिनरीत घोकून पास होतो, आणि कर्जानं पिचलेला माणूस समोर बसला की तोंडातून पहिलं वाक्य निघतं, 'तुमचा विश्वास कमी पडायलाय.' झालं. तो आधीच स्वतःला दोष देऊन देऊन मोडलेला, त्यात आपली भर. लूथर स्वतः उदासीनं ग्रासलेला असायचा. १५३० मधे त्यानं कोबर्ग किल्ल्यातून हिएरोनिमस वेलरला पत्र लिहिलं, हा त्याच्या पोरांना शिकवायचा आणि नैराश्यात गेला होता, तर सल्ला काय, एकटा राहू नको, लोकांत जा, हसत-खेळत थट्टामस्करी कर. पत्रात सैतानाचा उल्लेख पानभर आहे म्हणून आपण तेवढंच उचलतो, लोकांत जा हे विसरतो.

पापांगीकार (पाळकापुढं पाप कबूल करणं) आणि समुपदेशन याची खिचडीही नको. लूथरच्या लहान प्रश्नोत्तरीत (विश्वासाचं छोटं शिकवणीचं पुस्तक, १५२९) खासगी पापांगीकाराची पद्धत आहे, तिथं शेवट पापक्षमेच्या शब्दांनी होतो. ज्याला क्षमा हवीये त्याला क्षमा सांगा, तिथं तंत्र वापरत बसू नका. ज्याला झोप लागत नाही त्याच्याकडून पाप कबूल करून घेऊ नका.

प्रार्थना विनंती की गावभर बातमी

आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मीच टाकलं होतं, 'एका बहिणीच्या संसारासाठी प्रार्थना करा, नाव सांगत नाही, पती एसटीत आहेत.' आमच्या मंडळीत एसटीत आहे एकच. ती बहीण चार महिने चर्चला आली नाही, आणि बरोबरच केलं तिनं.

पण गुप्ततेचं उलटं टोकही आहे. लेकरावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर 'घरातली गोष्ट घरात' चालत नाही, पोक्सो (लेकरांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा) कायदा २०१२ च्या कलम १९ प्रमाणं पोलिसांना कळवावंच लागतं, नाही कळवलं तर कलम २१ खाली शिक्षा आहे. चाइल्डलाइन १०९८. म्हणून माणूस बोलायला लागायच्या आधीच सांगून टाकायचं, की तुमचं माझ्यापाशी राहील, फक्त कुणाच्या जिवाला किंवा लेकराला धोका असंल तर मला पुढं जावं लागंल. सुरुवातीला अवघड वाटतं, मग सवय होते.

आपल्याच्यानं होत नाही ते पुढं न पाठवणं

जीव नकोसा झालाय का, हे स्पष्ट विचारा. विचारल्यानं डोक्यात नवा विचार शिरत नाही, उलट माणूस सुटतो, बोलतो. घरात फवारणीचं औषध असंल तर त्याच दिवशी भावकीतल्या कुणाकडं कुलपात ठेवायला लावा, हे प्रार्थनेच्या आधी. मग टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन १४४१६, मोफत आहे, मराठीत बोलतात. आणि छत्रपती संभाजीनगरची घाटी (सरकारी दवाखाना), अंबाजोगाई, लातूर, नांदेडचं सरकारी मेडिकल, जे जवळ असंल तिथं मानसोपचार ओपीडीला सोबत जा. चिठ्ठी देऊन पाठवलेला माणूस स्टँडवरूनच परत येतो, मी बघितलंय.

पंच कमिटीपुढं (मंडळीचा कारभार बघणारी) पीपीटी

लीडरशिपच्या कोर्सहून आलो आणि पहिल्याच मीटिंगला व्हिजन, मिशन, पाच वर्षांचा आराखडा, अठरा स्लाइड, प्रोजेक्टर भाड्यानं. सगळे गप्प. शेवटी एक म्हातारे पंच म्हणले, 'ते समदं खरंय साहेब, पण खजिनदार बदलून वर्ष झालं, तो कागद गेला का धर्मादाय आयुक्तांकडं?' गेला नव्हता. चर्च सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेलं असंल तर विश्वस्त-पदाधिकाऱ्यांतला बदल ९० दिवसांत कळवावा लागतो, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५०, कलम २२. प्रोजेक्टरच्या भाड्यात दोन चकरा झाल्या असत्या. तेव्हापासून मीटिंगमधे मी आधी मागचं इतिवृत्त वाचायला देतो, मग हिशोब, आणि माझं बोलणं शेवटी, दहा मिनिटं. सगळे विश्वासणारे याजक, म्हणजे देवापुढं सगळे सारखेच पुरोहित, हे आपण लुथरनच सांगत फिरतो आणि चाव्या मात्र आपल्याच खिशात.

(पाळकीणबाईंना फुकटची समुपदेशक धरू नका, त्यांना शिकवायचं असंल तर त्यांचीही फी भरा. आणि बहिणी बोलायला आल्या तर दार उघडं, कुणीतरी नजरेच्या टप्प्यात. यावर जास्त लिहीत नाही.)

राहिला कोर्सला कधी जायचं हा प्रश्न. आपल्याकडचे बरेच जण सांगतात, दिवाळीनंतर कोयते (ऊसतोडीच्या जोड्या) कारखान्यावर गेले की मंडळी रिकामी, नाताळ उरकला की जानेवारीत जाऊन या. मीही तसंच केलं. परत आलो तर मागं राहिलेल्या एक आजी वारल्या होत्या, लेक-सून कारखान्यावर, मातीला शेजारचे मेथडिस्ट पाळक उभे राहिले. आता जायचं असलं की आधी गावात कोण कोण म्हातारं, कोण लेकरं मागं राहिलीत त्यांची यादी करतो आणि ती दोन पंचांच्या हातात देऊन मगच बस धरतो.