कढीपत्त्यावरची अळी मारू नका, हलवा

पावसाळ्यात कुंडीतल्या कढीपत्त्याचा आणि लिंबाचा अळ्या फडशा पाडतात, आणि आपण लगेच औषध फवारायला धावतो. पण पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी आणि मोठी झाल्यावर हिरवीगार होणारी ही अळी लिंबाळी किंवा बहुरूपी फुलपाखराची असते. नशीब असेल तर नीलवंताचीसुद्धा, म्हणजे २०१५ पासूनच्या आपल्या राज्य फुलपाखराची!

यावर सोपा उपाय म्हणजे कढीपत्त्याची किंवा लिंबाची एक जुनी कुंडी त्यांच्यासाठीच सोडायची.

१. अळीला बोट लावू नका. ती बसलेलं पान देठासकट कापा.
२. ते पान कपड्यांच्या चिमट्याने त्या सोडलेल्या कुंडीतल्या फांदीला लावा. अळी आपली आपण ताज्या पानावर सरकते.
३. रोपाची पानं संपली तरी ते उपटू नका, पाणी घालत राहा. बहुतेक वेळा नवी पालवी येते. फांदीला रेशमी धाग्याने टांगलेला कोष दिसला तर तिथे छाटणी नकोच.

डिवचल्यावर अळी डोक्यामागून नारिंगी शिंगं काढते, उग्र वास येतो. घाबरू नका, ती चावत नाही.

एक मात्र सांभाळा: नर्सरीतून आणलेल्या रोपावर बहुधा फवारणी झालेली असते. नवी पानं फुटेपर्यंत त्यावर अळी सोडू नका.