मर्यादित आवृत्तीची इटालियन ‘नेकेड’ मोटारसायकल संग्राहकाने कशी पारखावी

‘अशा फक्त तीनशे गाड्या निघाल्या’ एवढ्या एका वाक्यावर मोटारसायकल विकत घेणारा संग्राहक बहुधा फसतो, कारण आकडा कारखान्याला हवा तसा ठरवता येतो आणि हँडलजवळची क्रमांकाची पट्टी दोन स्क्रूंवर बसते. विचारायचा प्रश्न वेगळा आहे: या तीनशे गाड्यांमध्ये असे काय आहे, जे तीनशेएकाव्या गाडीत नसते? नेकेड, म्हणजे फेअरिंग (इंजिन झाकणारे बाहेरचे कवच) नसलेल्या गाडीच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर उभ्या उभ्या, डोळ्यांनी तपासता येते. इंजिन, फ्रेम, नळ्या, नट-बोल्ट सगळे समोर असते. मात्र जे समोर असते ते काढून दुसरे बसवणेही तितकेच सोपे असते, आणि पारख करणाऱ्याची खरी अडचण तिथेच सुरू होते.

उदाहरणासाठी एमव्ही अगुस्ता या इटालियन कंपनीची ब्रुटाले सेरिए ओरो घेऊ. ‘ओरो’ म्हणजे सोने. इटालियन उद्योजक क्लाउडिओ कास्तिलिओनी यांनी एमव्ही अगुस्ता हे बंद पडलेले नाव पुन्हा उभे केल्यावर 1999 मध्ये एफ 4 या फेअरिंगवाल्या गाडीची 300 गाड्यांची ‘ओरो’ आवृत्ती निघाली आणि पाठोपाठ 2001-02 च्या काळात ब्रुटालेचीही तेवढ्याच गाड्यांची. दोन्ही गाड्यांची आखणी डुकाटी 916 घडवणाऱ्या मास्सिमो तांबुरीनी यांची. ब्रुटालेमध्ये एफ 4 चेच 749 सीसीचे चार सिलिंडरचे, त्रिज्येच्या दिशेने कललेल्या व्हॉल्व्हचे इंजिन होते. ओरोचे वेगळेपण धातूमध्ये आहे. तिचा एकबाजूचा स्विंगआर्म (मागचे चाक धरणारा दांडा), चाके आणि फ्रेमच्या बाजूच्या पट्ट्या मॅग्नेशियमच्या असून त्यांवर सोनेरी रंग आहे. नंतर आलेल्या ब्रुटाले एसमध्ये हेच भाग ॲल्युमिनियमचे आहेत. शिवाय ओरो ही त्या वंशातली पहिली गाडी. माझ्या मते संग्राहकासाठी ही दोन कारणे तीनशेच्या आकड्यापेक्षा पुष्कळ वजनदार आहेत.

हीच कसोटी इतर गाड्यांना लावून पाहावी. ब्रुटाले 1000 सेरिए ओरो 2018 च्या मिलानच्या मोटारसायकल प्रदर्शनात दिसली आणि तिच्याही 300 गाड्या ठरल्या. पण तिचे 208 अश्वशक्तीचे इंजिन पुढे 1000 आरआर या नेहमीच्या गाडीतही आले, त्यामुळे ओरोकडे मुख्यतः कार्बनची चाके आणि पहिलेपणाचा मान उरला. डुकाटीच्या स्ट्रीटफायटर व्ही 4 लॅम्बोर्गिनीच्या 630 गाड्या, आणि खास ग्राहकांसाठी आणखी 63. 63 हा आकडा लॅम्बोर्गिनीच्या 1963 या स्थापनावर्षावरून घेतला आहे. गाडी देखणी आहे, परंतु यांत्रिकदृष्ट्या ती मुख्यतः स्ट्रीटफायटर व्ही 4 एस आहे, म्हणून मी तिला ब्रुटाले ओरोच्या खालचे स्थान देईन. कोणी उलट म्हणाले तर वाद घालणार नाही. रंगसंगतीचा संग्रह करणारेही असतात.

प्रत्यक्ष पाहणी दिवसाच्या उजेडात आणि इंजिन थंड असताना करावी. विक्रेत्याने ते आधीच गरम करून ठेवले असेल, तर थंड इंजिन सुरू होताना काय आवाज येतो ते कळत नाही. आधी गुडघ्यावर बसून मागचे चाक पाहावे. मॅग्नेशियम हा गाडीतला सर्वांत लवकर गंजणारा धातू. स्टीलचा बोल्ट त्याला टेकला, रंगाला बारीकशी चीर पडली आणि ओल पोहोचली, की वॉशरभोवती पिठासारखी पांढरी भुकटी धरते आणि आसपासच्या सोनेरी रंगाला फोड येतात. रिमच्या काठावर टायर काढताना पटाशी लागल्याच्या खुणा असतील, तर तिथेही हेच दिसेल. लोहचुंबक लावून काही कळणार नाही, कारण तो ॲल्युमिनियमलाही चिकटत नाही. नव्याने रंगवलेला भाग मात्र ओळखता येतो: बोल्टच्या भोकाच्या आतल्या कडेवर रंगाचा थर चढलेला असतो किंवा ओघळ गोठलेला असतो.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. ‘1402’ म्हणजे 2002 च्या चौदाव्या आठवड्यातला टायर. मीटरवर कमी किलोमीटर आणि टायर मात्र 2015 चे, असे असेल तर आधीचे टायर कुठे झिजले, हे विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे.

यानंतर कागद. फ्रेमवरचा क्रमांक एमव्ही अगुस्ताच्या गाडीत ‘झेडसीजी’ने आणि डुकाटीच्या गाडीत ‘झेडडीएम’ने सुरू होतो. तो क्रमांक, पट्टीवरचा अनुक्रमांक आणि कारखान्याचे प्रमाणपत्र एकमेकांशी जुळले पाहिजेत. गाडी इटलीत नोंदलेली असेल, तर तिथल्या ‘पीआरए’ या सरकारी नोंदवहीतून नंबर प्लेटवरून आधीच्या मालकांचा उतारा काढता येतो; तो विक्रेत्याकडून न घेता स्वतः काढावा. वीस वर्षे झालेल्या गाडीला ‘आसी’ या जुन्या वाहनांच्या महासंघाचे ऐतिहासिक महत्त्वाचे प्रमाणपत्र मिळू शकते. ते असेल तर गाडी मूळ स्वरूपात असल्याची एक परीक्षा आधीच झालेली आहे, असे समजावे.

काढून ठेवलेल्या मूळ भागांची चौकशी टाळू नये. नेकेड गाडीचे मालक हौसेने सायलेन्सर, आरसे, नंबर प्लेटचा स्टँड आणि लिव्हर बदलतात. मूळ भाग पेटीत जपून ठेवलेले असतील तर हरकत नाही, परंतु ते ‘कुठेतरी माळ्यावर असतील’ असे उत्तर आले, तर ते नाहीत असे धरूनच किंमत बोलावी. ओरोचा एखादा मॅग्नेशियमचा भाग नव्याने मिळवणे गाडी मिळवण्याहून कठीण ठरू शकते.

भारतात राहणाऱ्या वाचकासाठी एक गोष्ट आधीच सांगणे बरे. पुण्याच्या कायनेटिक समूहाने 2016 मध्ये एमव्ही अगुस्ता भारतात आणली, त्यामुळे ब्रुटाले 1090 आपल्याकडे दिसते. पण नेहमीच्या आयात नियमांत तीन वर्षांहून जुनी वापरलेली गाडी बसत नाही, म्हणून 2002 ची ओरो मुंबई बंदरात उतरवण्याचा बेत आखून बयाणा देऊ नये. युरोपात स्थायिक असलेल्यांना ही अडचण नाही.

गाडी घरी आल्यावर तिला दर रविवारी दोन मिनिटे जागेवर सुरू करून बंद करू नये. अर्धवट तापलेल्या सायलेन्सरमध्ये पाणी साचते. चालवायची तर पुरती तापेपर्यंत चालवावी, नाहीतर बॅटरीला चार्जर लावून गप्प ठेवावी. चाके धुताना आम्लयुक्त क्लीनर न वापरता साधा सौम्य साबण घ्यावा आणि बोल्टच्या खाचा फडक्याने कोरड्या कराव्यात. स्टीलचे बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळावेत. आणि टायर बदलायला चाक नेले, की मिस्त्रीच्या हातात पटाशी येण्याआधी त्याला सांगावे की हे रिम मॅग्नेशियमचे आहे.