लोकसेवकाविरुद्धच्या फसवणुकीच्या खटल्यात अप्रामाणिक हेतू कसा सिद्ध करावा

सरकारी पैशाच्या फसवणुकीचे दोषारोपपत्र सहसा जाडजूड असते, आणि तरीही त्यात हेतू शोधावा लागतो. निविदा काढली नाही, तांत्रिक मान्यता काम झाल्यावर घेतली, नस्तीवर (फाइलवर) तारखा नाहीत, देयक एका दिवसात मंजूर झाले, अशी जंत्री त्यात असते. पण ती लेखापरीक्षणाच्या आक्षेपांची जंत्री असते. गोव्यातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या आणि 1980 च्या निर्णयसंग्रहात प्रसिद्ध झालेल्या अब्दुल्ला मोहम्मद पगारकर खटल्यात न्यायालयाने स्पष्ट केले, की वित्तीय नियम आणि कामकाजाची रूढ पद्धत धाब्यावर बसवल्याने दाट संशय उभा राहू शकतो, मात्र एवढ्याने दोष सिद्ध होत नाही. आंध्र प्रदेशच्या पाटबंधारे खात्यातील कामांवरून उद्भवलेल्या सी. चेंगा रेड्डी खटल्यात, 1996 साली, तोच विचार पुन्हा मांडला गेला आणि आरोपी सुटले. तपासी अंमलदाराने आणि सरकारी वकिलाने कामाला लागण्यापूर्वी हे दोन निर्णय वाचावेत, कारण बचाव पक्ष ते वाचूनच येणार आहे.

पहिले काम क्षण निश्चित करण्याचे. 1 जुलै 2024 पूर्वीच्या कृत्याला भारतीय दंड संहितेचे फसवणुकीचे कलम 420 आणि त्यानंतरच्या कृत्याला भारतीय न्याय संहितेचे कलम 318(4) लागते. शिक्षा दोन्हींत सात वर्षांपर्यंत आहे, आणि दोन्हींत अप्रामाणिक हेतू प्रलोभन दाखवतानाच, म्हणजे खोटे सांगून समोरच्याला पैसे द्यायला प्रवृत्त करतानाच, असावा लागतो. हृदय रंजन प्रसाद वर्मा खटल्यात, 2000 साली, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की नंतरच्या वागणुकीवरून आधीच्या हेतूचा अंदाज घेता येतो, पण ती एकमेव कसोटी नव्हे. म्हणून ‘सन 2016 ते 2019 या कालावधीत संगनमताने’ अशी मोघम वाक्ये लिहिण्याऐवजी कोणत्या तारखेला, कोणत्या कागदावर, कोणते विधान खोटे केले गेले, हे आधी ठरवावे.

त्यानंतरचा प्रश्न तपासात बहुधा विचारलाच जात नाही: फसले कोण? ‘शासनाची फसवणूक’ हे शब्द फिर्यादीत शोभतात, पण शासन देयकावर सही करीत नाही, माणूस करतो. ज्या आहरण व संवितरण अधिकाऱ्याने (कार्यालयातर्फे पैसे काढून अदा करणाऱ्याने) किंवा कोषागारातील अधिकाऱ्याने पैसे सोडले, त्याचा जबाब घेऊन ‘हे प्रमाणपत्र खोटे असल्याचे ठाऊक असते, तर मी देयक मंजूर केले नसते’ हे त्याच्याच तोंडून आले पाहिजे. तोही कटात सामील असेल, तर त्याची फसवणूक झाली असे म्हणता येणार नाही, आणि मग लोकसेवकाने केलेल्या गुन्हेगारी न्यासभंगाचा, म्हणजे जुन्या कलम 409 चा किंवा नव्या 316(5) चा, विचार करावा लागतो. दोन्ही कलमे सवयीने एकत्र लावू नयेत. दिल्ली रेस क्लब प्रकरणात, 2024 साली, सर्वोच्च न्यायालयाने बजावले आहे, की एकाच वस्तुस्थितीवर हे दोन्ही गुन्हे एकत्र नांदू शकत नाहीत; न्यासभंगात मालमत्ता मुळात विश्वासाने सोपवलेली असते, फसवणुकीत हेतू पहिल्यापासूनच खोटा असतो.

हेतूचा गाभा म्हणजे आरोपीला असलेली जाणीव, आणि ती कागदांतूनच बाहेर काढावी लागते. समजा, एका गावातील गटार प्रत्यक्षात बांधलेच गेले नाही आणि देयक मात्र अदा झाले. मोजमाप पुस्तकात कनिष्ठ अभियंत्याने 14 मार्च रोजी लांबी, रुंदी, खोली लिहून सही केली आहे. तो म्हणणार, की ठेकेदाराच्या माणसाने दाखवले ते मोजले, जागा चुकली असेल. आता त्याच महिन्याचे त्याचे प्रवास भत्ता देयक मागवावे. त्यात 14 मार्च रोजी तो विभागीय बैठकीसाठी दीडशे किलोमीटर दूर असल्याचे त्यानेच लिहून भत्ता उचलला असेल, तर मोजणी झालीच नाही आणि हे त्याला लिहिताना ठाऊक होते, अशा दोन्ही गोष्टी त्याच्याच अक्षरात सिद्ध होतात. त्यासोबत बैठकीचे हजेरीपत्रक, वाहनाचे लॉगबुक आणि मोबाइलचे ठिकाण दाखवणारा तपशील जोडावा. केवळ हस्ताक्षरतज्ज्ञाच्या अभिप्रायावर विसंबू नये. न्यायालये त्याला दुजोरा मागतात.

हाच आरोपी पकडला गेला म्हणून देयकावर त्याच्या वरच्या सहा सह्या करणारे अधिकारीही तितकेच दोषी, असे मात्र समजू नये. उपअभियंत्याने तपासणी मोजणीचा शेरा स्वतः लिहिला असेल, तर त्याला जागेवर गेल्याचा हिशेब विचारता येतो. पण कार्यकारी अभियंत्याने खालच्या प्रमाणपत्रावर भिस्त ठेवून सही केली असेल, तर तो निष्काळजीपणा विभागीय चौकशीचा विषय होऊ शकतो, फौजदारी खटल्याचा नव्हे. डिजिटल स्वाक्षरीच्या बाबतीत तर अधिकच सावध राहावे. साहेबांचे डोंगल (स्वाक्षरीसाठी संगणकाला जोडायचे उपकरण) आणि पासवर्ड संगणकचालकाच्या खणात असतात, हे कार्यालयात सर्वांना ठाऊक असते. म्हणून लॉगिनची वेळ, संगणक आणि ओटीपी गेलेला क्रमांक मिळवावा, आणि इलेक्ट्रॉनिक नोंदी पुराव्यात देण्यासाठी लागणारे भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चे प्रमाणपत्र सुरुवातीलाच घ्यावे. प्रत्येक आरोपीसाठी स्वतंत्र पान करून त्यावर ‘याला काय माहीत होते, कधी आणि कशावरून’ एवढेच लिहावे. ज्याचे पान कोरे राहते, त्याला साक्षीदार करण्याचा विचार करावा.

‘नजरचूक झाली’ हा बचाव हमखास येतो. त्यावर साक्ष अधिनियमाचे कलम 13 (जुन्या पुरावा कायद्याचे 15), म्हणजे कृत्य अपघाताने झाले की हेतुपुरस्सर हे ठरवण्याचे कलम, उपयोगी पडते. त्याखालील उदाहरण जणू याच खटल्यांसाठी लिहिले आहे: वसुलीवर नेमलेला माणूस मिळालेल्यापेक्षा कमी रक्कम नोंदवतो, तेव्हा त्याच वहीतील इतर नोंदीही खोट्या आणि प्रत्येक वेळी त्याच्याच फायद्याच्या आहेत, ही बाब सुसंगत ठरते. चुका दोन्ही बाजूंनी होतात. सगळ्या एकाच खिशाकडे झुकल्या, की त्यांना चूक म्हणता येत नाही. म्हणून आरोपीने हाताळलेली इतर देयकेही तपासावीत. पैसा ठेकेदाराकडून कोठे गेला, याचा मागही काढावा, मात्र फायदा दुसऱ्याला झाला तरी भागते, कारण कायद्यात एकाचा गैरलाभ किंवा दुसऱ्याची गैरहानी पुरेशी आहे.

भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा लावायचा असल्यास 26 जुलै 2018 ही तारीख लक्षात ठेवावी. त्यापूर्वी कलम 13(1)(घ) मध्ये लोकहित नसताना कोणाला लाभ मिळवून दिला, एवढेही चालत असे. त्या तारखेच्या दुरुस्तीनंतर सोपवलेल्या मालमत्तेचा अप्रामाणिक अपहार किंवा हेतुपुरस्सर स्वतःला बेकायदा समृद्ध करणे दाखवावे लागते. निर्णय किंवा शिफारशीशी संबंधित आरोपांसाठी तपासापूर्वी कलम 17क ची पूर्वसंमती आणि न्यायालयाने खटल्याची दखल घेण्यासाठी कलम 19 ची मंजुरी लागते. ठकवणूक आणि बनावट दस्तऐवज हे कर्तव्याचा भाग नव्हेत, असे प्रकाशसिंग बादल खटल्यात म्हटले असले, तरी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम 218 खाली मंजुरी मागून ठेवणे शहाणपणाचे. 120 दिवसांत निर्णय न झाल्यास ती मिळाली असे मानले जाते.

शेवटी, त्याच संहितेच्या कलम 351 खालील आरोपीच्या जबाबाचे प्रश्न न्यायालयावर सोडून देऊ नयेत. प्रवास भत्ता देयकाची विसंगती त्याला स्वतंत्र प्रश्न म्हणून विचारली गेली नाही, तर तिचा वापर त्याच्याविरुद्ध करणे कठीण होते, आणि हे अपिलात लक्षात येते तेव्हा उशीर झालेला असतो. प्रश्नांचा मसुदा सरकारी वकिलाने स्वतः तयार करून, संबंधित पुराव्याच्या निशाणी क्रमांकासह, एक विसंगती एक प्रश्न अशा रीतीने न्यायालयापुढे ठेवावा.