ट्रॅप बदलण्याआधी आजूबाजूची लाइन बघा: स्टीम ट्रॅपच्या या चुका टाळा

स्टीम ट्रॅप म्हणजे स्टीम लाइनवरचा आपोआप उघडझाप करणारा व्हॉल्व्ह. त्याला कामं तीनच: कंडेन्सेट (स्टीम थंड होऊन झालेलं पाणी) सोडायचं, हवा सोडायची आणि स्टीम अडवायची. तक्रार आली की ट्रॅप खोलला जातो, नवा बसतो आणि थोड्याच दिवसांत तीच तक्रार परत येते. अशा वेळी दोष बहुधा लाइनमध्ये असतो.

वाफ दिसली म्हणजे ट्रॅप पास होतोय, म्हणजे स्टीम अडवायची सोडून बाहेर जाऊ देतोय, असं धरू नका. ७ बार गेज प्रेशरचं कंडेन्सेट साधारण १७० अंशांवर असतं. ते उघड्या हवेत आलं की त्यातलं सुमारे १३ टक्के पाणी लगेच वाफ होतं. ही फ्लॅश स्टीम; ट्रॅप उत्तम असला तरी ती दिसणारच. ती पांढरी, मंद असते आणि सोबत पाणी पडतं. लाइव्ह स्टीम, म्हणजे लाइनमधून थेट निसटलेली स्टीम, सुसाट येते आणि तोंडापाशी काही अंतर जवळजवळ पारदर्शक असते. नुसत्या टेंपरेचर गनवरही विसंबू नका, कारण एकाच प्रेशरला स्टीम आणि ताजं कंडेन्सेट दोन्ही तितकेच गरम असतात. गनवरून गार पडलेला, म्हणजे बहुधा चोक झालेला ट्रॅप कळतो. पास होणारा ओळखायला अल्ट्रासॉनिक डिटेक्टरने आवाज ऐकावा लागतो.

हीट एक्स्चेंजरचा (स्टीमने प्रॉडक्ट तापवणाऱ्या यंत्राचा) ट्रॅप वर चढणाऱ्या रिटर्न लाइनला (कंडेन्सेट परत नेणाऱ्या पाइपला) जोडू नका. ही चूक सगळ्यात जास्त छळते. प्रॉडक्टचं तापमान गाठत आलं की कंट्रोल व्हॉल्व्ह स्टीम कमी करतो आणि एक्स्चेंजरमधलं प्रेशर पडतं. पलीकडे रिटर्न लाइन ५ मीटर वर चढत असेल, तर तेवढ्यानेच जवळपास अर्धा बार बॅकप्रेशर (ट्रॅपच्या पलीकडून उलटा दाब) येतं. आतलं प्रेशर त्याच्याही खाली गेलं की ट्रॅपला ढकलायला जोरच उरत नाही. पाणी ट्यूबमध्ये साचतं, तापमान वरखाली होतं, लाइन ठोकायला लागते आणि पुढे ट्यूब गंजतात. यालाच स्टॉल म्हणतात. कितीही मोठा ट्रॅप लावा, फरक पडत नाही. कंडेन्सेट उताराने खालच्या, व्हेंट असलेल्या (हवेला उघड्या) टाकीत येऊ द्या आणि तिथून पंपाने उचला.

घाईत चार मशीनना मिळून एकच ट्रॅप दिला जातो. ज्या मशीनचं प्रेशर जास्त, ते बाकीच्यांचं कंडेन्सेट अडवतं. प्रत्येकाला स्वतंत्र ट्रॅप हवाच.

मेन लाइनला वाहत्या दिशेने साधारण १०० ला १ उतार ठेवा आणि दर ३० ते ५० मीटरवर ड्रेन पॉकेट (पाणी गोळा होऊन ट्रॅपकडे जायला लाइनखाली जोडलेला पाइपचा तुकडा) द्या. ४ इंचापर्यंतच्या लाइनला पॉकेट लाइनच्याच व्यासाचं हवं; खाली अर्ध्या इंचाचा तुकडा वेल्ड केला तर वेगाने जाणारं पाणी त्यात उतरतच नाही, वरून निघून जातं. स्टीम लाइनवरच्या वाय-स्ट्रेनरचं (कचरा अडवणाऱ्या गाळणीचं) पोट खाली न ठेवता आडवं ठेवा, म्हणजे त्यात पाणी साचत नाही.

इन्व्हर्टेड बकेट ट्रॅप (आत उलटी बादली असलेला) अचानक पास व्हायला लागला, तर आधी आतला वॉटर सील (स्टीम अडवून धरणारं पाणी) गेलाय का ते पाहा. इनलेट बंद करून थोडा वेळ कंडेन्सेट साचू द्या आणि मग हळूच उघडा. पुष्कळदा तेवढ्यावर भागतं.

ट्रॅपला वळसा घालणाऱ्या लाइनचा व्हॉल्व्ह, म्हणजे बायपास, थोडा उघडा ठेवून शिफ्ट काढणं मात्र कृपया थांबवा. त्या फटीतून जाणारी स्टीम बॉयलरला भरून काढावी लागते.

बॉयलरचं प्रेशर मनाने खाली आणू नका. इंधन वाचेल या समजुतीने १० बारचा बॉयलर ५ बारवर चालवला, तर तेवढ्याच वजनाची स्टीम जवळपास दुप्पट जागा घेते. ती बॉयलरमधल्या पाण्याच्या पृष्ठभागावरून जास्त वेगाने सुटते आणि थेंब सोबत ओढते. त्या थेंबांबरोबर गेलेले क्षार ट्रॅपच्या सीटवर बसतात. प्रेशर कमी हवं असेल तर वापराच्या जागी पीआरव्ही (प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह) लावा. आणि लो-वॉटर इंटरलॉक (बॉयलरमधलं पाणी कमी झालं की बर्नर बंद करणारी सुरक्षा) ट्रिप होतोय म्हणून तो कधीही बायपास करू नका, सेफ्टी व्हॉल्व्हचं सेटिंग वाढवू नका. पाणी घटून ट्यूब उघड्या पडल्यावर बर्नर चालू राहिला तर माणसं जातात.