माणदेशातील आंतरराष्ट्रीय वनीकरण शिबिरात स्वयंसेवक म्हणून जाताना

परदेशी स्वयंसेवकांबरोबर दोन-तीन आठवडे गावात राहून झाडे लावण्याचे शिबिर माण, खटाव, आटपाडी किंवा जत तालुक्यात भरणार असल्याचे कळले, की आपल्याकडील तरुण पहिल्यांदा इंग्रजी कितपत लागेल हे विचारतात. इंग्रजीवाचून फारसे अडत नाही. नाव नोंदवण्यापूर्वी आयोजकांना विचारावयाचे ते हे, की जमीन कोणाची आहे आणि शिबिर उठल्यावर रोपांना पाणी कोण घालणार आहे. सातबारा गायरानाचा असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव आणि वनखात्याची जमीन असेल तर त्या खात्याची लेखी परवानगी झालेली असावी. या दोन्ही प्रश्नांना गुळमुळीत उत्तर मिळाले तर त्या शिबिरास न गेलेले बरे.

या शिबिरांची परंपरा जुनी आहे. पहिल्या महायुद्धानंतर १९२० मध्ये पिएर सेरेसोल या स्विस गृहस्थांच्या पुढाकाराने फ्रान्समधील व्हर्दनजवळचे एक उद्ध्वस्त गाव उभारण्यासाठी जर्मनांसह निरनिराळ्या देशांचे स्वयंसेवक एकत्र राहिले, आणि १९३४ च्या भूकंपानंतर सेरेसोल बिहारमध्येही कामास आले. श्रम करायचे, मजुरी घ्यायची नाही, ही रीत तेव्हापासूनची आहे. त्यामुळे प्रवासखर्च, सहभागशुल्क आणि विमा बहुधा स्वतःचा, आणि मुक्काम शाळेच्या खोलीत सतरंजीवर, हे गृहीत धरूनच निघावे.

जाण्यापूर्वी एक दिवस काढून सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्र्याजवळचे सागरेश्वर पाहून यावे. बोडक्या डोंगरावर धों. म. मोहिते यांच्या चिकाटीतून तेथे झाडी उभी राहिली आणि १९८५ मध्ये ते अभयारण्य झाले. कोरड्या मुलखात काय साधू शकते आणि त्याला किती वर्षे लागतात, याचा अंदाज तेथे डोळ्यांनी येतो. मात्र प्रत्येक मोकळी जागा झाडांसाठी रिकामी पडली आहे, असे समजू नये. कासच्या सड्यावर जांभ्यावरील बोटभर मातीत जी रानफुले येतात ती झाडांच्या सावलीत टिकणार नाहीत, आणि पूर्वेकडील गवताळ माळ हेही मेंढपाळांचे आणि रानपाखरांचे हक्काचे रान आहे. नियोजनाच्या नकाशात असा माळ दिसला तर तेथेच नम्रपणे शंका काढावी.

महाबळेश्वरात पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तर म्हसवड-दहिवडीकडे वर्षाकाठी पाचशेच्या आसपास, आणि त्यातीलही बराचसा परतीचा. म्हणून येथे कडुनिंब, करंज, खैर, बोर, हिवर, आपटा, सीताफळ अशीच रोपे घ्यावीत. वर्षभराची, कमरेएवढी आणि जाड बुंध्याची रोपे लहान रोपांपेक्षा चांगली तग धरतात. मृगाच्या एका सरीवर भुलून लागवड करू नये. हाताने खणून वीतभर ओल लागली तरच रोप खड्ड्यात उतरवावे.

खरी मेहनत खड्ड्याची. पंचेचाळीस सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल खड्ड्यातून सुमारे नव्वद लिटर माती निघते, आणि तीन मीटर अंतराने लागवड केली तर हेक्टरी अकराशे अकरा खड्डे होतात. मुरमात टिकाव आपटल्यावर हा हिशेब हातांच्या फोडांतून समजतो, म्हणून सुती हातमोजे बरोबर असावेत. वरची माती एका बाजूस आणि खालचा मुरूम दुसऱ्या बाजूस टाकावा, व भरताना वरची माती शेणखतात मिसळून तळाशी घालावी. उतारावर ए-फ्रेमने, म्हणजे इंग्रजी A अक्षरासारख्या, ओळंबा लावलेल्या चौकटीने, समपातळी रेषा आखून चर खणतात. त्यातून निघालेली माती उताराच्या खालच्या अंगास रचावी, नाहीतर पहिल्याच पावसात ती चरात परत येते.

माझ्या पहिल्या शिबिरात आम्ही घाईघाईने रोपांच्या पिशव्या ओरबाडून काढल्या आणि पुढल्या उन्हाळ्यात त्या ओळीतील बहुतेक रोपे वाळली. उपटून पाहिले तेव्हा पिशवीच्या तळाशी गुंडाळलेली मुळे तशीच वेटोळे घालून होती. तेव्हापासून मी आधी तळ ब्लेडने कापून फिरलेली मुळे छाटतो, मग बाजूस उभी चीर देऊन मुळांभोवतीची मातीची हुंडी, म्हणजे गोळा, फुटू न देता रोप ठेवतो, भोवतीची माती पायाने दाबतो, उताराच्या खालच्या बाजूस अर्धचंद्राकृती आळे करतो आणि वर वाळक्या गवताचे आच्छादन घालतो. रिकाम्या पिशव्या मोजून परत आणाव्यात.

परदेशी पाहुणे ज्यांच्या घरी उतरतील त्यांनी चोवीस तासांत ठरावीक फॉर्म ऑनलाइन भरून त्यांची सरकारकडे नोंद करावी लागते. हे काम इंटरनेट वापरणाऱ्या स्थानिक स्वयंसेवकाने अंगावर घ्यावे, कारण घरमालक तात्यांना ते माहीत असेलच असे नाही. पाहुण्यांना उकळलेले पाणी द्यावे आणि ठेचा आधी नखाएवढाच वाढावा. गावातील कामकऱ्यांचे ऐकण्याची सवय मात्र सर्वांनीच लावून घ्यावी. टिकावाचा दांडा कसा धरायचा, हे आमच्या शिबिरात साठीच्या एका मावशींनी जर्मन मुलाला हात धरून शिकवले. त्यात दुभाष्याची गरज पडली नाही.

दगड उचलताना हात खाली घालण्यापूर्वी तो पहारीने हलवावा, कारण या भागात घोणस आणि फुरसे आढळतात. साप चावल्यास चिरा देऊ नये, दोरीने आवळू नये, रुग्णास चालू देऊ नये. १०८ क्रमांकास फोन करून, जेथे सर्पविषावरील प्रतिविषाचे इंजेक्शन आहे अशा रुग्णालयात न्यावे. ते रुग्णालय कोणते, हे पहिल्याच संध्याकाळी विचारून ठेवावे.

शिबिर संपण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक ओळीतील रोपांची संख्या आणि जात वहीत उतरवून ती वही पाणी घालणाऱ्या माणसाच्या हाती द्यावी, आणि फेब्रुवारीत एकदा स्वतः येऊन तीच वही घेऊन रोपे मोजावीत. मेलेल्या रोपांचे खड्डे तेव्हाच खुणा करून ठेवले म्हणजे पुढील पावसाळ्यात नांगे भरणे, म्हणजे त्या जागी नवी रोपे लावणे, सोपे जाते.