अख्खं पापलेट कोळशावर भाजण्याआधी

गेल्या डिसेंबरात आमच्या गच्चीवर मी दोन पापलेटं भाजायला घेतली. ताटात मात्र आलं डोकं, काटा आणि कुस्करलेलं मांस. कातडी सगळी जाळीलाच राहिली. मालवणहून आलेला मेहुणा म्हणाला, "भावोजी, भुर्जी मस्त झालीय." त्यावर बायको हसली, ते जास्त लागलं. तर ही तयारी, एकदा तोंडघशी पडलेल्या माणसाने लिहिलेली. घाईत असाल तर एवढंच वाचा: मासा पुसा. कोरडा करा. मग पुन्हा पुसा.

आता मासा घेण्यापासून. पापलेट अर्धा किलोच्या आसपासचं घ्या. त्याहून मोठं असलं की बाहेरून करपतं आणि मधे काट्याजवळ कच्चं राहतं. ताजेपणा कसा ओळखायचा ते तुम्हाला माहीत आहे, कल्ले उघडून बघा, पुढे चला. १ जून ते ३१ जुलै आपल्याकडे मासेमारी बंद असते, त्या दिवसांत 'आजचंच आहे' म्हणून बर्फातलं पापलेट गळ्यात मारलं तर त्याचं कालवण करा, ते निखाऱ्यावर घालू नका. बजेट नसेल तर बांगडा घ्या. अंगचं तेल असल्यामुळे तो कोळशावर पापलेटापेक्षा जास्त माफ करतो, आणि खरं सांगायचं तर धुराची चव त्यालाच जास्त शोभते. फक्त बांगडा बाजारातून घरी येईपर्यंत बर्फात हवा. उन्हात पिशवीत तासभर राहिला की त्यात हिस्टामाइन वाढतं आणि ते शिजवून जात नाही. मग जेवणानंतर तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, आणि लोक म्हणतात मसाला उष्ण पडला.

कोळणीला आधीच सांगा, 'अख्खंच पाहिजे'. तुम्ही मागे वळून कोथिंबिरीचा भाव विचारेपर्यंत तिच्या हाताने तुकड्या पाडलेल्या असतात, तिचा काही दोष नाही. डोकं-शेपूट ठेवायचं, कल्ले काढायचे, पोट लहान चिरेतून साफ करायचं. घरी आल्यावर आतून कण्याला चिकटलेलं काळपट रक्त बोटाने खरवडून काढा, कडू तेच लागतं. पर कात्रीने कापा. धुवा.

आणि इथे थांबा. धुतल्यानंतर मी गेल्या वेळी काय केलं, तर मासा झटकला, 'झालं' म्हटलं आणि वाटण फासलं. झटकणं म्हणजे पुसणं नव्हे. किचन पेपर घ्या किंवा जुना धुतलेला सुती पंचा घ्या आणि दोन्ही बाजू टिपा. मग पोटाच्या आत कापड घालून टिपा. कल्ल्यांच्या झाकणाखाली पाणी साठून राहतं, तिथेही. कापड ओलं लागलं की दुसरं घ्या. कारण असं की कातडीवर पाणी आहे तोवर ती १०० अंशांच्या वर तापतच नाही. सगळी आच पाण्याची वाफ करण्यात जाते, मासा उकडतो, आणि ती ओली मऊ कातडी लोखंडाला धरून बसते. कोरडी कातडी खरपूस होते आणि आपणहून सुटते. एवढाच फरक आहे, आणि एवढ्याच फरकाने माझी भुर्जी झाली.

पुसून झाल्यावर दोन्ही बाजूंना काट्यापर्यंत तीन-तीन तिरक्या चिरा द्या, मीठ-हळद लावा, पंधरा मिनिटं ठेवा. बघा, पुन्हा पाणी सुटलेलं दिसेल. मिठाचं ते कामच आहे. पुन्हा पुसा. हळद कापडाला लागेल, लागू दे. वेळ असेल तर ताटात उलटी वाटी मांडून त्यावर मासा टेकवा आणि फ्रिजमध्ये न झाकता तासभर ठेवा, कातडी हाताला कागदासारखी लागते. फ्रिजला वास येतो. घरच्यांना आधी कल्पना द्या.

वाटण नेहमीचंच: आलं, लसूण, हिरवी मिरची, भरपूर कोथिंबीर, थोडं आगळ (कोकमाचा आंबट रस).​ पाणी न घालता वाटा, आणि ते फक्त पोटात आणि चिरांत भरा. वरून फासायचं नाही! एवढा पुसलेला मासा पुन्हा ओल्या चटणीत लोळवायचा असेल तर पुसला कशाला? बाहेरून नुसता तेलाचा हात. मालवणी मसाला हवाच असेल तर तेलात कालवून शेवटच्या दोन मिनिटांत ब्रशने लावा, आधी लावलात तर करपून कडू होईल. रवा तव्यासाठी. लिंबू भाजल्यावर पिळायचं. आधी पिळून तासभर ठेवलेल्या माशाचं मांस आंबटाने पांढरं पडून भुसभुशीत होतं.

कोळसा लाकडी घ्या, दगडी नको. रॉकेल ओतू नका, माशाला वास लागतो तो जात नाही. पेटल्यापासून निखाऱ्यावर पांढरी राख चढायला अर्धा तास तरी लागतो, पाहुण्यांना बसवून मग कोळसा पेटवू नका. शेगडी गच्चीवर किंवा अंगणातच. खिडकी उघडी आहे म्हणून स्वयंपाकघरात नाही, पाऊस आला म्हणून आत उचलून आणायची नाही. कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, कळायच्या आत माणूस आडवा होतो. निखारे एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी ठेवा, म्हणजे करपायला लागला तर मासा सरकवायला जागा राहते.

जाळी निखाऱ्यावर दहा मिनिटं रिकामी तापवा, घासा, चिमट्यात तेलाचा बोळा धरून पुसून घ्या. माशांची मिटणारी जाळी मिळाली तर उत्तम, उलटायची चिंता मिटते. आता मासा ठेवायच्या आधी शेवटचं एकदा पाठीवरून बोट फिरवा. तेलकट लागलं तर ठीक. पाण्याचा थेंब दिसला तर पुसा, पुन्हा तेल लावा. हो, आत्ताही.

ठेवलात की सहा मिनिटं हात लावू नका. डोकावणं नाही, उचकटणं नाही. मेहुण्याला दुसरं काम द्या. सुटत नसेल तर अजून भाजायचाय, मिनिटभर थांबा. दोन उलथणी खाली घालून एकदाच उलटा. दुसरी बाजू पाच-सहा मिनिटं. डोक्यामागच्या जाड भागात काटा खुपसून बघा, मांस पांढरं होऊन कण्यापासून सुटलं की झालं.

काढा. दोन मिनिटं ठेवा. कांदा, लिंबू, भात, सोलकढी, ते तुम्ही बघा. जाळी गरम असतानाच घासून टाका. निखारे बादलीत काढून त्यांवर पाणी मारा, ती बादली रात्रभर गच्चीवरच राहू दे, आणि गच्चीचं दार लावा, आमच्याकडे मांजर येतं.