छोट्या बॅरलच्या एआर-१५ला कोणती गॅस सिस्टीम? या चुका टाळा

डॅलसच्या बाहेरच्या एका रेंजवर शेजारच्या बाकावर ओळखीतला एक मराठी मुलगा नवी एआर-१५ रायफल घेऊन आला होता. ५.५६ कॅलिबर, साडेअकरा इंची बॅरल, सगळे सुटे भाग स्वतः निवडून जोडलेले. पहिल्या गोळीपासूनच रिकाम्या पुंगळ्या बाजूला पडायच्या सोडून पुढे उडायला लागल्या. पाचव्या-सहाव्या गोळीला रायफल अडकली. बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा भाग) मागे ओढून पाहिला तर पुंगळी चेंबरमध्येच, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीतच, चिकटलेली, आणि एक्स्ट्रॅक्टरने, म्हणजे पुंगळी बाहेर ओढणाऱ्या आकड्याने, तिच्या कडेचा लचका तोडून आणलेला. "दादा, एक्स्ट्रॅक्टरची स्प्रिंग बदलू का?" त्याने विचारलं. मी हँडगार्डच्या फटीतून आत पाहिलं. गॅस ब्लॉक, म्हणजे बॅरलमधला गॅस मागे वळवणारा ठोकळा, चेंबरच्या इतका जवळ होता की काही बोलायची गरजच उरली नाही. बॅरल छोटी म्हणून त्याने गॅस सिस्टीमही सगळ्यात छोटी, पिस्तूल लेंग्थ घेतली होती.

हीच पहिली चूक, आणि बाकीच्या बऱ्याचशा तिच्यातूनच निघतात.

एआर-१५ चालते कशी ते थोडक्यात. गोळी बॅरलमधून पुढे सरकताना एका बारीक भोकावरून, म्हणजे गॅस पोर्टवरून जाते. तिच्या मागचा तापलेला गॅस त्या भोकातून गॅस ब्लॉकमध्ये, तिथून नळीने मागे येतो आणि बोल्ट कॅरियरला, म्हणजे बोल्ट धरून मागे-पुढे सरकणाऱ्या भागाला, ढकलतो. युजीन स्टोनरची ही मांडणी मुळात २० इंची बॅरलसाठी होती. पोर्ट जितकं चेंबरच्या जवळ, तितका तिथला दाब जास्त. आणि गोळी पोर्ट ओलांडून तोंडातून बाहेर पडेपर्यंतच हा दाब टिकतो. ती बाहेर पडली की कुकरचं झाकण उघडल्यासारखा सगळा दाब निघून जातो. म्हणून नुसतं बॅरलचं माप सांगून भागत नाही. पोर्टच्या पुढे बॅरल किती उरली, ते बघायला लागतं.

बॅरलच्या मागच्या टोकापासून पोर्टचं अंतर ढोबळमानाने असं: पिस्तूल लेंग्थ पावणेपाच इंच, कार्बाइन पावणेआठ, मिड पावणेदहा आणि रायफल लेंग्थ सव्वातेरा. आता वजाबाकी करा. २० इंची जुन्या रायफलमध्ये पोर्टच्या पुढे पावणेसात इंच उरतात. अमेरिकन लष्कराच्या एम४ ची बॅरल साडेचौदा इंच आणि सिस्टीम कार्बाइन, तिथेही तेवढेच. साडेअकरा इंचाला कार्बाइन सिस्टीम लावली तर पावणेचार उरतात. अमेरिकन नौदलाच्या एमके१८ ची बॅरल १०.३ इंचाची, सिस्टीम कार्बाइनच, आणि पुढे जेमतेम अडीच इंच. ती चालते, कारण तिचं पोर्ट मुद्दाम मोठं ठेवलेलं आहे. अंतर कमी पडलं ते भोकाच्या आकाराने भरून काढलं.

आमच्या गड्याचा हिशेब मग उलटा झाला. साडेअकरामधून पावणेपाच गेले की पावणेसात उरतात. आकडा दिसायला अगदी एम४ चाच. पण पोर्ट चेंबरच्या तोंडाशी, जिथे दाब प्रचंड. जोरही जास्त आणि वेळही भरपूर. पुंगळी चेंबरच्या भिंतींना अजून घट्ट चिकटलेली असतानाच बोल्ट तिला खेचायला लागला. अशा वेळी स्प्रिंग बदलली की एक्स्ट्रॅक्टर आणखी घट्ट धरतो आणि लचका आणखी मोठा तुटतो, एवढंच.

५.५६ मध्ये दहा ते साडेबारा इंचापर्यंत कार्बाइन सिस्टीम हा सरळ मार्ग आहे. पिस्तूल लेंग्थ सात-साडेसात इंचाच्या बॅरलसाठी ठेवा. तिथे दुसरा इलाज नसतो, आणि खरं सांगायचं तर इतक्या आखूड ५.५६ ची मला कधी गरज वाटलेली नाही. आवाज आणि ज्वाळा भरपूर, वेग कमी. ३००ब्लॅकआउट या दुसऱ्या काडतुसाची गोष्ट वेगळी. त्याची दारू लवकर जळते, म्हणून आठ-नऊ इंची बॅरलला पिस्तूल लेंग्थच शोभते. दुसऱ्या टोकाची चूकही पाहिली आहे. "मिड लेंग्थने झटका मऊ होतो" हे कुठेतरी वाचून एकाने ती साडेअकरा इंचाला लावली. पुढे उरले पावणेदोन इंच. रायफल प्रत्येक गोळीनंतर हातानेच चालवावी लागायची. मिडचं कौतुक साडेचौदा आणि १६ इंचासाठी खरं आहे, इथे नाही.

दुसरी चूक म्हणजे आजार ओळखायच्या आधी औषध देणं. रायफल अडकली की आपण लगेच नवा बफर (बोल्ट कॅरियरच्या मागे स्प्रिंगवर बसणारं वजन) मागवतो. त्याआधी एवढं करा. मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरा, झाडा, आणि बोल्ट मागे अडकून राहतो का ते बघा. हेच दहा वेळा, तुम्ही रोज वापरता त्याच काडतुसांनी आणि किमान दोन वेगवेगळ्या मॅगझिननी. बोल्ट प्रत्येक वेळी मागे थांबला, तर गॅस पुरेसा आहे. कधी थांबतो, कधी नाही असं होत असेल तर गॅस कमी पडतोय, किंवा मॅगझिनचा दोष आहे. म्हणून मॅगझिन दोन.

पुंगळ्या कुठे पडतात तेही बघा. नेमबाजाला घड्याळाच्या मध्यभागी उभं करा, बारा म्हणजे समोर. तीन ते साडेचारच्या दरम्यान पडत असतील तर सगळं ठीक. एक-दोनकडे पडत असतील तर गॅस जास्त. पाचच्या मागे खांद्याजवळ लुळ्या पडत असतील तर कमी. हा ढोबळ नियम आहे. एक्स्ट्रॅक्टर आणि इजेक्टरच्या (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या भागाच्या) स्प्रिंगा बदलल्या की काटा सरकतो. म्हणून नुसत्या पुंगळ्यांवरून निकाल देऊ नका, सोबत पुंगळीची कड बघा. ती वाकलेली किंवा फाटलेली असेल तर गॅस जास्त असल्याचा संशय पक्का होतो.

गॅस कमी वाटतोय? मग लगेच पोर्ट मोठं करायला निघू नका. ही चूक परत फिरवता येत नाही, एकदा गेलेलं लोखंड परत भरता येत नाही. आधी फुकटातल्या गोष्टी तपासा. रायफल रिकामी करा, मॅगझिन काढा, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासा, मग हँडगार्ड उतरवा. गॅस ब्लॉक पोर्टवर नेमका बसलाय का? किंचित पुढे किंवा तिरका बसलेला ब्लॉक अर्धं भोक झाकतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. मी पाहिलेल्या 'कमी गॅस'च्या तक्रारींपैकी बऱ्याच इथेच संपल्या. मग कॅरियरवरच्या गॅस कीचे (नळीतला गॅस कॅरियरमध्ये घेणाऱ्या तुकड्याचे) दोन स्क्रू बोटांनी हलतात का बघा. ते हलत असतील तर गॅस तिथूनच निसटतोय. शेवटी बोल्टवरच्या, गॅस अडवणाऱ्या तीन रिंगा. बोल्ट पुढे ओढून अख्खा कॅरियर बोल्टच्या तोंडावर टेबलावर उभा करा. स्वतःच्या वजनाने खाली बसला तर रिंगा झिजल्यात. त्या रिंगांच्या फटी एका रेषेत येऊ नयेत म्हणून लोक जो जीव काढतात, त्याची मात्र गरज नाही. गोळ्या झाडताना त्या आपोआप फिरत असतात.

यानंतर काडतुसं. स्वस्तातली, स्टीलच्या पुंगळीची, ५.५६ च्या रायफलीत चालणारी .२२३ काडतुसं बहुतेक वेळा ५.५६ च्या एम१९३ किंवा एम८५५ या लष्करी काडतुसांपेक्षा मवाळ असतात. थंडीत ती आणखी मलूल होतात. नोव्हेंबरच्या सकाळी तुमची आखूड रायफल रुसली आणि दुपारी सुधारली, तर दोष रायफलचा नाही. कारखान्यातली पोर्ट बहुतेकदा थोडी मोठीच ठेवलेली असतात, कारण गिऱ्हाईक कुठलं स्वस्त काडतूस भरेल याचा भरवसा नसतो. विकणाऱ्याला अडकलेली रायफल परत नको असते, जास्त लाथ मारणारी परत येत नाही.

जास्त गॅसवर लोकांचा आवडता उपाय म्हणजे जड बफर. साधा कार्बाइन बफर सुमारे ३ औंसांचा, एच सुमारे ३.८, एच२ ४.६ आणि एच३ ५.४. एक पायरी वर जाणं समजू शकतो. साडेअकरा इंचाला एच२ ठेवणारे पुष्कळ आहेत आणि ते चुकत नाहीत. पण जड बफर बोल्टचा वेग आवरतो, पोर्टमधून येणारा जास्तीचा गॅस काही कमी करत नाही. तो येतोच, चेहऱ्यावर काजळीसकट. सायलेन्सर लावणार असाल तर हे दुप्पट लागू, कारण तो दाब आत कोंडून ठेवतो. सायलेन्सरशिवाय नीट चालणारी रायफल त्याच्यासह आडदांड होते. तिथे गॅस कमी-जास्त करता येणारा ब्लॉक घ्या, आणि आधी ठरवा की रायफल मुख्यतः सायलेन्सर लावूनच वापरायची की नाही. दोन्हीकडे उत्तम चालेल अशी एकच मांडणी शोधत मी एक अख्खा उन्हाळा घालवला. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या, त्यामुळे कशाने फरक पडला तेच कळेना.

बॅरल मागवण्याआधी कायद्याचं. १६ इंचांपेक्षा आखूड बॅरलची रायफल १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्टखाली येते. आधी फॉर्म १ (जोडणीची परवानगी मागणारा सरकारी अर्ज) मंजूर, मग जोडणी, या क्रमात बदल नाही. १ जानेवारी २०२६ पासून तिच्यावरचा २०० डॉलरचा कर शून्य झाला, पण नोंदणी आहे तशीच आहे, आणि "आता मोकळं झालं" असं सांगणारे मित्र तुमच्यासोबत कोर्टात येणार नाहीत. कॅलिफोर्निया किंवा न्यू जर्सीत राहत असाल तर हा विषयच सोडा. आणि एच-१बी वर असाल तर बंदूक बाळगायलाच मनाई आहे, शिकारीच्या परवान्यासारखे काही अपवाद सोडून. ग्रीनकार्ड आल्यावर ती अडचण सुटते. आपल्या लोकांमध्ये याबद्दल इतका गैरसमज आहे की वकिलाला एकदा फी देऊन विचारलेलं स्वस्त पडतं.

त्या मुलाने बॅरल बदलली. तीच साडेअकरा इंच, पण कार्बाइन सिस्टीमची, आणि आधी घेतलेला एच२ बफर काढून एच लावला. पुढच्या वेळी आम्ही त्याच बाकावर एकेक काडतूस भरून दहा गोळ्या झाडल्या. बोल्ट दहाही वेळा मागे थांबला. पुंगळ्या साडेतीनच्या आसपास, काँक्रीटच्या एका तड्यापाशी जमल्या होत्या. वाकून गोळा करताना त्याने प्रत्येकीची कड अंगठ्याने चाचपून पाहिली.